मोत्यासारखे दात

पक्षाघाताने आजोबांची वाचा गेली, पण दात मात्र शाबूत राहिले. इम्प्लांटचेच ते, खालच्या जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून डॉक्टरांनी वर पक्के बसवलेले. बोलता येत होतं तेव्हा आजोबा ऐटीत सांगायचे, "हे आता माझ्याबरोबरच जाणार!"

त्यांच्या मुलाला आठ दिवस परगावी जायचं होतं. आजोबांना सांभाळायला आलेल्या नव्या मावशींना त्याने औषधं समजावली आणि दारातून पुन्हा मागे वळला.

"मावशी, दातांकडे तेवढं लक्ष ठेवा. कडेला घाण साचली की हिरडी सुजते, आतलं हाड झिजतं. डॉक्टरांनी दहादा बजावलंय."

"दादा, मला नका शिकवू. मागच्या घरी आजींचे दात मोत्यासारखे ठेवले होते मी!"

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मुलगा निर्धास्त मनाने निघाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने व्हिडिओ कॉल केला. आजोबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. मुलाला पाहताच त्यांचे डोळे भरून आले आणि ते नुसती मान हलवत राहिले.

"तुमची आठवण येते त्यांना," मावशी म्हणाल्या. "जेवणही कमी झालंय. घास पुढे केला तरी तोंड उघडत नाहीत, लहान मुलासारखे हट्टी झालेत. पण मीही काही कमी नाही."



मग मोबाइल जवळ घेत मावशी म्हणाल्या, "कवळी फारच घट्ट बसलीये हो त्यांची. आज जरा हलली. वाटीत पाणी भरून ठेवलंय, संध्याकाळपर्यंत काढतेच."