ओलीस देव

“यातलं एक अक्षरही तुम्हांला खरं वाटणार नाही, पैज लावा,” असं म्हणत रिमाचीनं पाठीवरचं गाठोडं बांधावर उतरवलं. “पण तुमच्या देवाला मी इंकाच्या राजधानीतून, थेट कुस्कोहून, एकट्यानं काढून आणलंय.”

शेतवाटणीचा दिवस होता. दर वर्षी त्या सकाळी यानामायोचं सगळं गाव माळावर जमायचं आणि गावप्रमुख घरटी जमीन नेमून द्यायचा. रिमाचीला तीस वर्षांत जमीन मिळाली नव्हती. इंका राजानं हे खोरं घेतलं तेव्हा आधी देव मागितला होता. घेतलेल्या प्रत्येक मुलखाचा देव कुस्कोत पाहुणा म्हणून ठेवायचा, ही त्याची रीत. मुलूख नीट वागला तर देवाला मक्याची दारू. नाही वागला तर भर चौकात चाबूक. देवाच्या सेवेला त्याच्याच गावचा एक माणूस जायचा. रिमाची तेव्हा वीस वर्षांचा होता. निघताना बाप एवढंच म्हणाला होता, “देवाशिवाय परत येऊ नकोस.”

“तर समुद्रापलीकडून ते दाढीवाले आले,” रिमाची रंगात आला. “त्यांची जनावरं धातू चघळतात. दिवसभर!”

“मग शेण कसलं टाकतात रे?” मागून कोणीतरी विचारलं.

“तयार सुया. कुस्कोच्या बायका टोपल्या घेऊन मागं फिरतात.”

माळ हसला.

“दहा जणांनी आपल्या देवाला हात घातला. हलेना! डोंगर झाला नुसता. मग मी कानाशी जाऊन म्हटलं, देवा, घरी चल. तसा कापसासारखा माझ्या खांद्यावर येऊन बसला. झुलत्या पुलावर तर तोच मला ओढत होता.”

“तरीच देवाला उशीर झाला,” एक बाई म्हणाली. “तुझं ओझं होतं ना!”

पुन्हा हसू झालं. खरं काय झालं ते सांगायला एवढा वेळ लागला नसता. दाढीवाल्यांनी देवाचं वस्त्र ओढून फेकलं, घणानं त्याचे तीन तुकडे केले आणि एका नव्या भिंतीच्या पायात टाकले. रिमाचीची बायको आणि दोन्ही मुली त्याच्या कितीतरी आधी, अंगावर फोड येणाऱ्या साथीत गेल्या होत्या. मग इंकाही गेला. त्याची कोठारं फुटली. त्याचे जासूद रस्त्यांवरून धावायचे थांबले. एका सकाळी रिमाचीच्या लक्षात आलं की आता आपल्याला अडवणारं कोणी नाही. मोठ्या नदीच्या पुलाखाली त्यानं तेवढ्याच आकाराचा एक दगड उचलला, देवाच्या जुन्या वस्त्रात गुंडाळला आणि सोळा दिवस चालला. वाटेत रडू आलं नाही. भूकही फारशी लागली नाही. देवाचं वस्त्र सोडून आत पाहायची गावात कोणालाच मुभा नव्हती. तीस वर्षांत त्यानंही ते सोडलं नव्हतं. त्यामुळे तो निर्धास्त होता.

आणखीही एक गोष्ट होती. एका वर्षी या खोऱ्यानं इंकाच्या उत्तरेकडच्या लढाईला माणसं पाठवायला नकार दिला. कुस्कोच्या चौकात देवाला आणलं गेलं. रिमाची देवावर पालथा पडला. मारणाऱ्यांनी त्याला उठवलं नाही आणि मारणंही थांबवलं नाही. नऊ दिवस. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते त्यानं माळावर सांगितलं नाही.

गावप्रमुख उठला. तो रिमाचीपेक्षा दहा वर्षांनी लहान होता. ओढ्याकाठची एक पट्टी अजून कोणाला दिलेली नव्हती. तिच्या हद्दीचा दगड त्यानं हातात घेतला.

“देव आणला असशील तर तुझा वाटा तुझाच, काका,” तो म्हणाला. “नसशील, तर तू कोण आणि आम्ही कोण. मातीवर हात ठेवून सांग, हा आपलाच देव?”

रिमाचीनं मातीवर हात ठेवला. “हाच. तीस वर्षं याच्या पायाशी झोपलोय मी. मला ओळखू येणार नाही?”

तेव्हा त्याची आत्या कारवा गर्दीतून पुढं आली. गावात तिच्याहून म्हातारं कोणी उरलं नव्हतं. इतका वेळ ती एकटीच हसली नव्हती. गाठोड्याकडं तिनं पाहिलंही नाही. रिमाचीच्या गालावरून तिनं हात फिरवला.

“पट्टी दे याला,” ती प्रमुखाला म्हणाली. “ओढ्याचं पाणीही दे.”

मग ती रिमाचीकडं वळली आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “खोटं बोलतोयस, पोरा. देव या मातीतून कधी हललाच नाही. तुझ्या बापानं आणि मी तो इथंच पुरला. इंकाला दिला तो तुझ्या आजीचा वरवंटा. आणि तो त्याला देव वाटावा म्हणून सोबत तुला दिला.”