धनीबाईचा ढावलो

जयाताईंनी हेडफोन काढला, ओढणीनं पुसला आणि पुन्हा कानाला लावला. तिसऱ्यांदा.

"आवाज खराब आहे का, मॅडम?" अभिषेकनं विचारलं.

"नाही. लय साफ आहे."

अभिषेक सुखावला. सिनेमा, कॅमेरे, नवी सॉफ्टवेअरं आणि लोककला असं सगळं कालवून तो पुसदहून ब्लॉग लिहायचा. सहा वर्षांत चाळीसेक वाचक जमले होते, त्यात एक सख्खी आत्या. एका तांड्यावरच्या म्हाताऱ्या धनीबाईकडून रेकॉर्ड केलेला ढावलो ही त्याची शेवटची आशा होती. सासरी निघालेली नवरी माणसांच्या गळ्यात पडून रडत गाते, ते हे गाणं. ते अर्थासकट लोकांपुढे ठेवायचं. नाहीच जमलं तर सिनेमा, ब्लॉग सगळं गुंडाळून काकांच्या वकिली कचेरीत टाइप करत बसायचं, असं त्यानं घरी कबूल केलं होतं. त्या नुसत्या विचारानंही त्याचा जीव घुसमटायचा.

पण अर्थच लागत नव्हता. त्याला बंजाऱ्यांची गोर बोली येत नव्हती आणि धनीबाईला मराठी. दोन महिने त्यानं एकामागून एक भाषांतराची तीन सॉफ्टवेअरं लावून पाहिली. एकानं तर अख्ख्या ढावलोचा हवामान अंदाज करून टाकला. त्यावरही पठ्ठ्यानं एक खुसखुशीत लेख लिहिला. शेवटी हात टेकले आणि तो उमरखेडला जयाताईंकडे आला. त्या स्वतः तांड्यावर वाढलेल्या, आता शाळेत शिक्षिका.

"बाईच्या लेकाला नाही विचारलं?" त्या म्हणाल्या.

"भीमसिंगला? त्यानं ऐकलंच नाही. 'बायांचं रडणं कायले ऐकू' म्हणे. माणूस चांगला आहे हो. मुलाखतभर म्हातारी गप्प, सगळं तोच सांगत होता. 'माय खुशीत आहे, लिहून घ्या' म्हणे."

"गातानी होता तो?"

"नाही, वावरात निघून गेला. मी एकटाच होतो. आणि तिच्या दंडावर काय सुरेख निळंजांभळं गोंदण होतं! त्याचा फोटो ब्लॉगवर टाकलाय मी."

जयाताईंनी फोटो मागितला नाही.

"तुम्ही काय करत होते तवा?"

"मी मान हलवत होतो. कळत नसलं तरी प्रत्येक ओळीला दाद द्यायची, म्हणजे गाणारं माणूस खुलतं. आमची रीतच आहे ती. नंतर तर तिनं माझा हातच धरला."

"ढावलोत शब्द ठरलेले नसतात, सर. जिचं दुःख, तिचेच शब्द."

"म्हणूनच तर अडलंय! आता विचारायचं कोणाला? मागच्या पंधरवड्यात गेली बिचारी. पाय घसरून विहिरीत पडली म्हणे." अभिषेकचा आवाज ओला झाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

जयाताईंनी त्याची वही ओढली, सावकाश दोन ओळी लिहिल्या आणि वही त्याच्यापुढे सरकवली.

"शेवटी शेवटी हेच घोळून घोळून म्हणते ती."

अभिषेकनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

'या पोरानं मान हलवली, याला समजलं. भीमसिंगनं मला जिवे मारायच्या आधी हा मला इथून घेऊन जाईल.'