मागून म्हणणारी

रुपीने तोंड उघडले आणि गाणे आले नाही.

भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक अजून ओला होता. त्याच्यासमोर नवरा-नवरी उभी होती. लग्न लावणारी धवलेरी गाणे म्हणून धान्याच्या देवीला, कणसरीला, चौकात बोलावते, मग जोडपे खाली बसते आणि लग्न लागते. गाणे होईपर्यंत त्या दोघांनी बसायचे नसते. सकाळपासून उपाशी असलेली नवरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती.

साखरशेतच्या त्या पाड्यावर आजवर प्रत्येक लग्नात गौराबाईच गायली होती. आज मात्र मांडवात आल्या आल्या ती म्हणाली, "मी दमले आता. रुपी म्हणेल."

कोणाला त्याचे नवल वाटले नाही. कितीतरी लग्नसराया रुपी तिच्या मागे बसून गात आली होती. गौराबाईने ओळ म्हणायची, तिचे शेवटचे अक्षर विरायच्या आत रुपीने तीच ओळ उचलायची. ती कधी चुकली नव्हती. पण प्रत्येक ओळ तिच्यापाशी एका श्वासापुरतीच राहत होती. पुढची ओळ आली की मागची निघून जायची. हे तिचे तिलाही ठाऊक नव्हते. आज पुढे म्हणणारे कोणी नव्हते, तेव्हा ते कळले.

"म्हण की गो," नवरीचा बाप तुका हलकेच म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाड्यावरचे सारे पुरुष मोखाड्याच्या रस्त्यावर संस्थानच्या कामाला जायचे होते. लग्न पुढे ढकलता येण्यासारखे नव्हते.

"धवलेरीला ताडी चढली वाटतं," मागच्या पुरुषांतून फागू ओरडला. "आम्हाला तर अजून मिळाली पण नाय!"

माणसे हसली. मग कोणीतरी न हसता म्हणाले, "दाभोशाची धवलेरी बाई आणा. सांजेपर्यंत पोचेल."

आज दाभोशाची बाई आली, तर पुढच्या लग्नालाही तीच येणार होती. रुपीला पुन्हा कोणी बोलावले नसते.

ती गौराबाईच्या कानाशी वाकली. "आयस, पहिला शब्द दे. एकच."

गौराबाई कुडाला टेकून बसली होती. तिने डोळे उघडले नाहीत. "गाण्यात कणसरी घर सोडून कुठं निघाली?"

"माणसं खोळंबलीत, आयस. शब्द दे."

"कुठं निघाली, सांग."

रुपीला राग आला. एवढ्या माणसांत ही परीक्षा कशाला? "मुंगीच्या घरी," ती चिडून म्हणाली.

"मुंगीकडं कशाला?"

"मुंगी दाणा उचलून ठेवते. टाकत नाय." बोलून झाल्यावर रुपी थबकली. हे तिने किती वेळा गायले होते, पण असे कधी मनात आणले नव्हते.

"मग टाकला कोणी?"

"धाकल्या सुनेनं." रुपी अडली. तिने कपाळावरचा घाम पुसला. "नाय. धाकली तर तिला परत आणायला गेली. मग थोरलीनंच. नागलीचा दाणा सांडला होता, तो थोरलीनं केरात लोटला."

केर. थोरलीच्या हातात केरसुणी. गाणे तिथूनच सुरू होत होते.

रुपी सरळ बसली आणि गाऊ लागली. आवाज आधी कोरडा निघाला. मध्येच ओळ सुटली, तेव्हा तिने गौराबाईकडे पाहिले नाही. देवी आता कुठवर पोचली, धाकलीला कोणी अडवले, कणसरीचा राग कशाने विरघळला, हे तिने मनाशी विचारले आणि ओळ सापडली. गाणे नेहमीपेक्षा फार सावकाश चालले होते. फागूही पुढे सरकून ऐकू लागला. शेवटी नवरा-नवरी खाली बसली. बसताना नवरीने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की बायका हसू लागल्या.

माणसे जेवायला उठली तेव्हा रुपी गौराबाईशेजारी येऊन बसली. तिच्या अंगात त्राण उरले नव्हते. राग मात्र उरला होता.

"एक शब्द दिला असतास तर काय गेलं असतं तुझं?" ती म्हणाली. "उलटसुलट विचारत बसलीस ती."

"असता तर दिला नसता का, बाय?" गौराबाई म्हणाली. "मला आठवत नव्हतं म्हणूनच विचारत होते." तिने रुपीचा हात धरला आणि आवाज अगदी बारीक केला. "मग? आली का कणसरी घरी?"