गालातला घास

सासूबाईंनी टेबलावरची वाटी खर्रकन स्वतःपुढे ओढली आणि सुनेला सांगितलं, तू नुसती ठकीला मांडीवर धरून बस. वाटीत उकडून कुस्करलेलं गाजर होतं. उकडलं सुनेनं, कुस्करलंही तिनंच. पहिला घास भरवायचा मान मात्र डोळेवाल्यांचा.

"दूध पाजायला डोळे लागत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "भरवायला लागतात."

सून आंधळी आहे, हे त्यांनी तोंडानं कधी म्हटलं नाही. 'तुझं असं असताना' याच्यापुढे त्यांची जीभ जात नसे. तर तुझं असं असताना पोरीच्या घशात घास अडकला, तर कळायचं कसं? म्हणून ठरलं होतं, सोमवारपासून ठकी दिवसभर आत्याकडे. ठरवताना तिच्या आईला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. ठकीचा बाप दारात उभा होता. त्याचे नेहमीप्रमाणे दोन्ही डगरींवर हात.

पहिला चमचा गेला आणि अर्धाअधिक हनुवटीवर परत आला. दुसरा गेला. सासूबाई तिसरा भरायला लागल्या तशी सून म्हणाली, "थांबा. आधीचा अजून गालातच आहे."

"गिळला की. मी बघतेय ना."

"गिळल्याचा आवाज नाही आला."

सासूबाईंनी चमचा पुढे केलाच. ठकीला ठसका लागला आणि तिनं सगळा ऐवज आजीच्या चष्म्यावर उडवला. सुनेनं तिला पुढे वाकवून पाठ थोपटली, श्वास नीट चालू झाल्याची खात्री केली, मग हात लांब करून वाटी उचलली. चाचपडावं लागलं नाही. ओढताना वाटी किती लांब गेली, ते तिनं मघाशीच ऐकलं होतं.

"अगं, तुझं असं असताना..."

"मी आंधळी आहे," सून म्हणाली. "तुम्ही बसलाय ती वेताची खुर्ची मी विणलीय. एक घर जरी चुकलं असेल तर दाखवा. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं असं वाटत असेल, तर खुशाल बसा राखणीला. पण माझी मुलगी सोमवारी कुठेही जाणार नाही."

दारातल्या माणसाला खोकला आला. सासूबाई पुसलेला चष्मा पुन्हा पुसत बसल्या.

सुनेनं चमचा बाजूला ठेवला. डाव्या हाताची करंगळी ठकीच्या हनुवटीखाली टेकवली, उजव्या हाताच्या बोटावर वाटाण्याएवढं गाजर घेतलं आणि ओठांना लावलं. ठकीनं तोंड उघडलं. करंगळीला घोट उतरल्याचं कळलं, तेव्हाच दुसरं बोट. सगळं अगदी सावकाश. सासूबाईंना सावकाशपणाचा मुळातच तिटकारा, पण वाटी रिकामी होत होती आणि हनुवटीवर काहीच परत येत नव्हतं. त्यांना खरा राग आला तो याचाच.

वाटी संपत आली तेव्हा सुनेचं बोट तोंडातच थबकलं.

"दात आलाय," ती म्हणाली. "खालचा."

सासूबाई ताडकन उठल्या. रोज सकाळी त्या ठकीला खिडकीपाशी नेऊन तिचं तोंड उघडून बघत. अजून दाताचा पत्ता नाही, असं कालच त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं होतं. आता त्या नाकाला नाक लागेल इतक्या वाकल्या. गुलाबी हिरडी, तिच्यावर गाजर, बाकी काही नाही.

"काहीतरीच तुझं," त्या म्हणाल्या.

सुनेनं त्यांचा हात धरला. ओल्या फडक्यानं त्यांचं बोट स्वच्छ पुसलं आणि नेऊन हिरडीवर ठेवलं. बोट इकडून तिकडे फिरलं, त्याला काही लागलं नाही. डोळे अजून ठकीच्या तोंडातच शोधत होते.

"असा नाही सापडायचा, आई. डोळे मिटा."

सासूबाईंनी आधी दारात उभ्या मुलाकडे बघितलं. मग डोळे मिटले.

ठकी चावली. सासूबाईंनी बोट काढलं नाही, आणि डोळेही उघडले नाहीत.