एकदाच बसणारी पुली

दिशाचा भाऊ निलेशदादा वारला, तेव्हा त्याच्या गाडीला सुपरचार्जरची, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपाची, पुली बसवायची तेवढी राहिली होती. कांदिवलीच्या बिल्डिंगखाली दिशाने ती ओव्हनमध्ये तापवलेली पुली चिमट्याने दांड्यावर सरकवली. गार झाली की पुली दांड्याला आवळून बसणार. वाकडी बसली, तर दादाचं सगळं काम फुकट.

ती मध्येच तिरकी अडली.

“वाट लागली, बाबा!”

तेवढ्यात पुली सरळ झाली आणि शेवटपर्यंत आत गेली.

“झकास दाबलीस गं!”

“मी कुठे? तुम्हीच ना?”

बाबा दोन पावलं लांब टॉर्च धरून उभे होते.

दिशाने पुलीवर तापमापक धरला. सगळीकडे एकशे साठ अंश. अंगठ्याएवढ्या एका जागी मात्र सदतीस, माणसाच्या अंगाइतकं.

पुली हळूहळू निवत तीसवर आली. ती जागा सदतीसवरच होती.