हवालदाराची शिकवणी

पाचव्या दिवशीही हवालदाराने वाटीकडे पाहून तोंड फिरवलं. बाईने वाटी जरा पुढे सरकवली, तसा तो साखळी ओढत भिंतीला जाऊन चिकटला. त्याच्या बरगड्या आता लांबूनही दिसत होत्या. तिचा नवरा दुकानात किल्ली घासता घासता खाली कोसळला तो उठलाच नाही, आणि त्या दिवसापासून कुत्र्याच्या पोटात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं.

नवरा कुलूपवाला होता. जन्मभर लोकांची कुलपं दुरुस्त करून त्याने एवढंच ज्ञान मिळवलं होतं, की कुणावर विश्वास म्हणून ठेवायचा नाही. दाराला तीन कुलपं लावायचा, तिन्ही ओढून बघायचा आणि अर्ध्या रस्त्यातून पुन्हा बघायला परत यायचा. घरातला पहिला कुत्रा कुणीतरी कुंपणावरून टाकलेलं विषाचं मटण खाऊन मेला आणि त्याच दुपारी घर साफ झालं. कुलूपवाल्याच्या घरी चोरी म्हटल्यावर गल्लीभर हसं झालं. नवऱ्याने कानाला खडा लावला. पुढचं पिल्लू आणलं, त्याचं नाव हवालदार ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी अंगणात शिकवणी सुरू केली.

शिकवणी सोपी होती. खायचं ते फक्त त्याच्या हातचं, तेही त्याने 'घे' म्हटल्यावर. दुसऱ्या कुणी पुढे केलेल्या घासाला तोंड लावायचं नाही. पण हे शिकवायचं तर चोर हवा. परक्या माणसाला अंगणात घेणं कुलूपवाल्याच्या स्वभावात बसत नव्हतं, म्हणून चोराचं काम बायकोच्या गळ्यात पडलं. कधी मुलगी चोर व्हायची, कधी शेजारच्या मावशी. मिरचीपूड भरलेला मटणाचा तुकडा बाई लाडेलाडे पुढे करायची. पिल्लू झडप घालायचं आणि केकाटत पळायचं ते थेट कुलूपवाल्याच्या मांडीवर, तिथे त्याला चांगला तुकडा मिळायचा. किती छळ मांडलाय मुक्या जिवाचा, असं ती म्हणायची. जगला तर दुवा देईल, असं तो म्हणायचा. होता होता ती चोरीत इतकी तयार झाली की मुलगी तिला 'अट्टल' म्हणायला लागली, आणि तिघंही पोट धरून हसायची. वर्ष संपता संपता तिच्या हातातला तुकडा बघूनच हवालदार दात दाखवू लागला. नवरा आनंदाने गल्लीभर सांगत सुटला होता, आता कुणाची छाती होते बघू.

आता ते हसणं आठवलं की तिला स्वतःची लाज वाटत होती. पाच दिवसांत मायलेकींनी काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. मुलीने वडिलांचा सदरा अंगात घालून पाहिला. मोबाइलमधल्या एका जुन्या व्हिडिओत त्याचा आवाज सापडला, 'घे, हवालदार, घे.' तो ऐकून कुत्र्याने कान टवकारले, वाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि साखळी ताणून दाराकडे बघत दुपारभर उभा राहिला. दोघी आतल्या खोलीत जाऊन रडल्या. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि हा सुईवर फार दिवस तगायचा नाही, तुम्हीच काहीतरी करून त्याच्या पोटात घाला, असं सांगून ते गेले. तिने जबडा उघडून घास कोंबायचा प्रयत्न केला, तर तो तिला कडकडून चावला. तिला राग आला नाही. नवरा गेला तेव्हा ती जवळ नव्हती. याला तरी तिला डोळ्यांदेखत मरू द्यायचं नव्हतं.

सकाळी दहाच्या सुमाराला मागच्या अंगणात विजेचा मीटर बघायला माणूस आला. नवा होता, या घरात पहिल्यांदाच येत होता. एरवी हवालदाराने भुंकून आभाळ डोक्यावर घेतलं असतं. आज त्याच्यात तेवढीही ताकद नव्हती. माणसाने आकडे टिपून घेतले, पायरीवर टेकला आणि खिशातून बिस्किटांचा पुडा काढला. कुत्र्याची दशा बघून त्याने एक बिस्किट पुढे धरलं.

हवालदाराने ते खाल्लं. मग दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं, आणि शेपटी हलवली.

बाई दारात उभी राहून बघत होती. तिला पळत जाऊन त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. तिने त्याच्याकडून एक बिस्किट मागून घेतलं, खाली बसली आणि जमेल तितक्या मऊ आवाजात हाक मारून हात पुढे केला. हवालदार गुरगुरत मागे सरला आणि त्या माणसाच्या पायांआड जाऊन उभा राहिला.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. वर्षभराच्या त्या शिकवणीला खरा परका माणूस एकदाही आला नव्हता.

"उद्या याल का?" तिने विचारलं.

"मी दोन महिन्यांनी येतो, बाई."

कुत्रा त्याच्या तळहातावरचा चुरा चाटत होता. मग तिने त्याच्या घरची चौकशी केली. बायको होती, दोन पोरं होती, घरापुढे मोकळी जागा होती, आणि पोरं कुत्र्यासाठी कधीची हट्ट धरून बसली होती. तिने खुंटीवरून साखळी सोडली आणि त्याच्या हातात दिली. तो गोंधळला, खूशही झाला, आणि साखळी हाताला गुंडाळता गुंडाळता थांबला.

"चावत नाही ना?"

"परक्यांना नाही," ती म्हणाली.