ना हरकत

"एनओसी लिहून द्या, मॅडम. आमी वकील बदलतोय," रोहिदास म्हणाला. खुर्ची पुढे केली होती, तरी तो बसला नाही.

संत तुकाराम नगरातलं ॲडव्होकेट स्वरूपा जगदाळे हिचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. आज तिथलं कपाट रिकामं होतं. फायली खोक्यांत भरलेल्या होत्या. रोहिदासनं आत येताच ते पाहिलं. त्याच्यामागे वर्षाली उभी होती. बाकीचे जिन्यात थांबले होते.

हे सगळे चाकणच्या एका जर्मन कंपनीतले, गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवरचे कामगार. त्यांनी युनियन नोंदवली आणि पुढच्याच आठवड्यात गेटवर त्यांची कार्डं चालेनाशी झाली. पहिला वकील कंपनीला मिळाला. मग केस स्वरूपाकडे आली. आता तिसरा वकील बघायचा, तर आधी तिच्याकडून 'माझी हरकत नाही' असं लिहून घ्यायला हवं होतं. रोहिदास सध्या भाड्याची रिक्षा चालवत होता. वर्षाली वाकडच्या सोसायट्यांमध्ये डबे पोचवत होती. ही केस गेली, तर गेटच्या आत जायचा रस्ता संपला.

बातमी फुटली ती स्टेटसवरून. स्वरूपाच्या मावसभावानं तिचा फोटो टाकला होता. जर्मनीत वकिलीसाठी निवड, हार्दिक अभिनंदन. खाली शहराचं नाव. कंपनीचं मुख्य ऑफिस त्याच शहरात आहे, हे लाइनवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिकडून येणाऱ्या प्रत्येक पार्सलवर ते छापलेलं असे.

"पेढे तरी द्यायचे होते," वर्षाली म्हणाली. "का तेही कंपनीच्या कँटीनमधून येणार आहेत?"

"बसा आधी."

"बसाया न्हाई आलो," रोहिदास म्हणाला. "पहिला वकील मॅनेज झाला तवा गावात म्हनले, बाई वकील धर, बाई फुटत न्हाई. लय हुशार गाव आमचं. तुमाला तिकडं बोलावलं कुनी?"

"कुणी नाही. मीच अर्ज केला."

"त्याच गावात?"

"मुद्दाम त्याच गावात."

"बघा, लपवतही नाहीत," वर्षाली म्हणाली.

रोहिदासनं कोरा कागद टेबलावर ठेवला. त्यावर स्वतःचं पेन ठेवलं.

"एनओसी मी देणार नाही," स्वरूपा म्हणाली.

जिन्यातून आवाज चढला. बार कौन्सिलला तक्रार करू, असं कुणीतरी ओरडलं. रोहिदासनं दोन्ही हात टेबलावर टेकले.

"आमचं वाटोळं करून वर अडवताय व्हय?"

"केस सोडणारा वकील एनओसी देतो, रोहिदासभाऊ. मी केस सोडलेली नाही. पुण्यातल्या तारखा माझा सहकारी वकील रणजीत बघेल. वकीलपत्रावर माझ्याबरोबर त्याचीही सही आहे."

"आन् तुमी तिकडं कंपनीचा पगार खानार."

"कंपनीचा वकील दर तारखेला काय सांगतो? कामगार काढायचा निर्णय जर्मनीत झाला, इथल्या मॅनेजरच्या हातात काही नाही. मग इथल्या मॅनेजरशी भांडून किती भांडायचं? तिथल्या कायद्याप्रमाणे, कंपनीनं बाहेरच्या देशात कामगारांचा युनियनचा हक्क मारला, तर त्यांच्या वतीनं तिथली युनियन तिथल्या कोर्टात उभी राहू शकते. मला त्या युनियननं घेतलंय. पगार तिथल्या कामगारांच्या वर्गणीतून."

रोहिदासनं हात टेबलावरून काढले.

"मग आधी का नाही बोललात?" वर्षालीनं विचारलं. "आठवडाभर आम्ही तुम्हाला शिव्या देतोय."

"नोकरी ठरली होती. पण तुमची केस घ्यायची त्यांची मंजुरी आज सकाळी आली. तुम्ही एकदा फसलाय. हातात काही नसताना मला तोंड उघडायचं नव्हतं. तिथल्या वकीलपत्रावर तुम्हा सगळ्यांच्या सह्या लागतील."

वर्षाली आता खुर्चीत बसली. "पण त्यांनी तुम्हालाच कसं घेतलं? तिकडं वकील नाहीत होय?"

"मुलाखतीत विचारलं, पहिली केस कुणाची लावाल? मी तुमची सांगितली. समोर एक बाई होत्या. तिकडच्या कारखान्यात वायरिंगच्याच लाइनवर आहेत. त्या म्हणाल्या, मग लवकर या."

रोहिदास मागे वळला. दाराशी गेला, दार सताड उघडलं आणि जिन्यात ओरडला, "आरं, तिथं काय थांबलाय! वर या समदे! बाई आपलं भांडान घिऊन थेट मालकाच्या दारात निघाल्यात!"